विश्लेषण : पेटंट हाती, तरी यंत्र बाजाराबाहेर! शंकर आबाजी भिसे यांच्या ‘भिसोटाइप’चे काय झाले?

लोणावळ्याच्या वळवण धरणाची पायाभरणी ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली. मावळातले पावसाचे पाणी अडवायचे, घाटाखाली खोपोलीला सोडायचे आणि त्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी टाटांची ही योजना होती. चार वर्षांत, म्हणजे १९१५ मध्ये, वीज मुंबईत पोहोचली. त्याच चार-पाच वर्षांत टाटा घराण्यातला आणखी काही पैसा लंडनमध्ये एका मराठी माणसाच्या यंत्रावर खर्च होत होता. ते यंत्र छापखान्यासाठी शिशाचे खिळे ओतणारे होते. लोणावळ्याची योजना आजही चालू आहे. खिळे ओतणाऱ्या यंत्राची कंपनी मात्र १९१५ मध्येच गुंडाळली गेली. यंत्र नवे होते आणि त्याच्या जनकाच्या नावावर पेटंटेही होती. मग घोडे अडले कुठे?

शंकर आबाजी भिसे कोण होते?

जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबई. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंब. घरात कोणी इंजिनीअर नव्हते आणि शंकररावांनीही इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले नाही. सायंटिफिक अमेरिकन हे मासिक वाचून आणि घरी खटपट करून ते शिकले. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस काढण्याचे उपकरण तयार केल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. पुढे मुंबईत सरकारी हिशेब कार्यालयात नोकरी केली. नोकरी सांभाळून सायंटिफिक क्लब काढला, ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालवले. दृष्टिभ्रमाच्या खेळांचाही त्यांना नाद होता. एक वस्तू डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत बदलते आहे असा भास निर्माण करणारे प्रयोग त्यांनी १८९५ मध्ये मँचेस्टरला करून दाखवले.

कलाटणी मिळाली ती वजनकाट्यामुळे. लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली होती. किराणा मालाच्या दुकानात पीठ-साखरेसारखा सुटा माल आपोआप तोलून ग्राहकाला देणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवायचा होता. भिसे यांचा आराखडा पहिला आला. साहेबाच्या देशातल्या स्पर्धेत मुंबईचा एक कारकून जिंकला, ही तेव्हा मोठीच बातमी होती. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना लंडनला दादाभाई नौरोजींकडे पाठवले.

दादाभाईंनी त्यांना पैशाचे पाठबळ दिले. भारतातली संपत्ती ब्रिटनकडे कशी वाहून जाते याचा हिशेब मांडणारा माणूस लंडनमध्ये बसून एका भारतीयाच्या यंत्रांना पैसा पुरवतो, हा योगायोग नसावा. विजेवर चालणाऱ्या जाहिरातीच्या पाट्या, स्वयंपाकघरातली साधने, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप, असे बरेच काही भिसे यांनी या काळात बनवले. आयुष्यभरातल्या त्यांच्या शोधांची संख्या दोनशेच्या घरात सांगितली जाते, पेटंटे सुमारे चाळीस. मात्र ज्यावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, ते यंत्र एकच होते.

‘भिसोटाइप’ हे यंत्र काय करणार होते?

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. त्या काळी छापील पानावरचे प्रत्येक अक्षर म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा एक खिळा. अक्षराचा उलटा ठसा असलेली मातृका साच्याच्या तोंडाशी बसवायची, वितळलेला धातू आत सोडायचा, तो थिजला की खिळा बाहेर काढायचा. मग जुळारी लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवणार. रोमन लिपीचे शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागते. देवनागरीत जोडाक्षरे, रफार, वेलांट्या धरून कित्येक शे खिळे लागत. भिसे वाढले त्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांचा दर्जा फार वर नेला होता. पण ओतणे आणि जुळवणे हे काम वेळखाऊच राहिले.

यंत्राने हे काम करण्याची धडपड अमेरिकेत आधीपासून चालू होती. न्यू यॉर्कच्या डेव्हिड ब्रूस यांनी १८३८ मध्येच खिळे ओतणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. १८८६ मध्ये ओटमार मर्गेनथालर यांचे लायनोटाइप आले. त्यातून अख्खी ओळ एका तुकड्यात बाहेर पडे. पाठोपाठ टॉल्बर्ट लॅन्स्टन यांचे मोनोटाइप आले. त्यात कळफलकावर बसलेला माणूस कागदाच्या पट्टीला भोके पाडी. ती पट्टी दुसऱ्या यंत्रात सरकत जाई, भोकांतून दाबाची हवा आत शिरे आणि कोणते अक्षर ओतायचे ते यंत्राला कळे. कागदाची पट्टी नेमक्या अंतराने पुढे सरकवणे हाच त्या यंत्राचा प्राण. मोनोटाइपचा वेग मिनिटाला साधारण दीडशे खिळ्यांचा होता. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक विक्स यांचे फिरत्या साच्यांचे वेगवान यंत्रही लंडनच्या ‘टाइम्स’साठी खिळे ओतत होते.

या गर्दीत भिसे उतरले. अनेक खिळे एकाच वेळी ओतले जावेत, यंत्र स्वस्त असावे आणि कमी कारागिरांत चालावे, हा त्यांचा रोख होता. मिनिटाला बाराशे खिळे ओतण्याचा दावा त्यांच्या यंत्राबाबत केला गेला. हा दावा कारखान्यातल्या रोजच्या कामात टिकला असता का, हे ठरवण्याची संधी यंत्राला मिळालीच नाही.

पेटंट कार्यालय नेमके काय तपासते?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. परीक्षक यंत्र चालवून बघत नाही. ते खपेल का, परवडेल का, हेही तो विचारत नाही. त्याच्यासमोर असतात कागद : यंत्राचे वर्णन, आकृत्या आणि शेवटी क्रमांक घालून लिहिलेले दावे. दावे म्हणजे शेताच्या बांधासारखे. आपली मालकी कुठून कुठपर्यंत, हे ते सांगतात.

घरातल्या प्रिंटरचे उदाहरण घ्या. ट्रेमधल्या गठ्ठ्यातून एका वेळी एकच कागद आत जायला हवा. रबरी रोलर वरचा कागद ओढतो, खालची घर्षणाची पट्टी दुसऱ्या कागदाला अडवून धरते. आता कोणी अर्ज केला की, रबरी रोलरने कागद आत ओढणारी यंत्रणा ही माझी, तर परीक्षक जुन्या पेटंटांतून तेच दाखवून अर्ज परत पाठवेल. पण अर्जदाराने लिहिले की, कागदाची जाडी मोजून पट्टीचा दाब आपोआप कमी-जास्त करणारी अमुक रचना माझी आहे, तर शोध सुरू होतो. हे नेमके असेच आधी कोणी केले आहे का? नसेल तर, दोन जुन्या गोष्टी एकत्र करून या क्षेत्रातल्या कोणाही जाणकाराला हे सहज सुचले असते का? दोन्हींचे उत्तर नाही असेल आणि वर्णन पुरेसे असेल, तर पेटंट मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आपण ज्याला नवे म्हणतो, त्यातले बरेचसे या पहिल्याच चाळणीत गळते.

भिसे यांनाही खिळे ओतणारे यंत्र या कल्पनेवर हक्क सांगता येणार नव्हता. तो ब्रूस यांच्या काळापासून कोणाचाच उरला नव्हता. साचे कसे बसवले, धातू आत कसा सोडला, तयार खिळा बाहेर कसा काढला, अशा एकेका जोडणीवरच हक्क सांगता येत होता.

भिसे यांच्या काळात नियम कोणते होते?

दर देशाचे वेगळे, आणि तेही बदलत होते. भिसे लंडनला आले तेव्हा ब्रिटनमध्ये अर्ज नवा आहे की नाही हे सरकार तपासतच नसे. १८८३ च्या कायद्याने परीक्षक नेमले होते, पण वर्णन नीट लिहिले आहे का एवढेच ते बघत. नवेपणावर वाद झाला तर तो पुढे कोर्टात. १९०२ मध्ये कायदा बदलला आणि १९०५ पासून अर्जाच्या आधीच्या ५० वर्षांतली ब्रिटिश पेटंटे धुंडाळणे परीक्षकाला बंधनकारक झाले. म्हणजे भिसे यांच्या लंडनमधल्या मुक्कामातच परीक्षेची काठीण्यपातळी वाढली. अमेरिकेत मात्र नवेपणाची तपासणी १८३६ पासूनच होत होती.

भारतात १८८८ चा कायदा लागू होता. १९११ मध्ये नवा कायदा झाला आणि कलकत्त्यात पेटंट नियंत्रकाचे कार्यालय आले. पेटंटांबाबतच्या पॅरिस करारात ब्रिटन १८८४ मध्ये, तर अमेरिका १८८७ मध्ये सामील झाली. भारत त्यात आला तो थेट १९९८ मध्ये. त्यामुळे मुंबईत बसून अर्ज करायचा आणि त्याच तारखेचा फायदा लंडन-न्यू यॉर्कमध्ये मिळवायचा, ही सोय भिसे यांच्या पिढीला नव्हतीच. जिथे बाजार, तिथे जाऊन राहणे भाग होते.

सगळ्यात जाचक होती ती मुदत. ब्रिटिश पेटंट तेव्हा १४ वर्षांचे असे. चालू ठेवायला पहिल्या काही वर्षांनंतर दरवर्षी फी भरावी लागे आणि ती वाढत जाई. यंत्र विकले जावो न जावो, घड्याळ चालूच. भांडवलदाराची वाट बघण्यात घालवलेले प्रत्येक वर्ष हक्कातून वजा होत होते.

पैसा कोणी दिला, कोणी दिला नाही?

खिळे ओतणाऱ्या यंत्राचा नमुना म्हणजे वजनकाटा नव्हे. बारीक मापात कापलेले पोलादी साचे, वितळलेल्या धातूचा पंप, थंड करण्याची व्यवस्था, हे सगळे हजारो वेळा न चुकता चालायला हवे. एका केसाइतका फरक पडला तरी छापील ओळ वाकडी दिसते. त्यासाठी वर्षानुवर्षे कार्यशाळा चालवावी लागते. दादाभाईंचा आधार होता, पण ते काही भांडवलदार नव्हते. त्यांनी ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांना यात ओढले. भांडवलशाहीच्या कट्टर विरोधकाने एका कंपनीसाठी भांडवल उभे करायचे, असा हा मामला. हाइंडमन यांनी मोठी रक्कम आणून देण्याचे आश्वासन दिले. ती रक्कम आली नाही. १९०७ मध्ये ऐंशी ओलांडलेले दादाभाई कायमचे भारतात परतले. १९०८ च्या अखेरीस भिसे यांनीही यंत्राचे काम थांबवून मुंबईची वाट धरली.

तो स्वदेशीचा काळ होता. त्याच वर्षी मावळात, तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला हा निधी. काचेच्या कारखान्याला ते जमले, कारण काच कशी करतात हे जगाला ठाऊक होते, ती शिकवता येत होती आणि गिऱ्हाईक दाराशी होते. लोणावळ्याच्या धरणांचेही तसेच. पाण्याच्या उतारावर वीज होते हे सिद्ध झालेले होते, गिरण्या वीज घ्यायला तयार होत्या आणि भांडवल देशातच उभे राहिले. भिसे यांच्या यंत्राचे सगळेच उलट. यंत्र अपुरे होते आणि गिऱ्हाईक होते लंडन व न्यू यॉर्कचे छापखाने, जे लायनोटाइप-मोनोटाइपमध्ये आधीच पैसे गुंतवून बसले होते. एकेक पैसा गोळा करून हा जुगार खेळता आला नसता.

मदतीला धावले पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या शब्दावर जमशेदजी टाटांचे धाकटे पुत्र रतन टाटा तयार झाले. (हे उद्योगपती रतन नवल टाटा नव्हेत. हे सर रतनजी, ज्यांच्या नावाचा ट्रस्ट आहे.) १९१० मध्ये लंडनमध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ स्थापन झाली. भिसे पुन्हा लंडनला गेले. पाच वर्षे काम चालले, विक्रीला ठेवता येईल असे यंत्र मात्र बाजारात आले नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. पुढच्याच वर्षी सिंडिकेट बंद झाली.

टाटांनी हात आखडता घेतला, असे काही जण लिहितात. ते पूर्ण न्यायाचे वाटत नाही. पाच वर्षे पैसा पुरवणारा गुंतवणूकदार आजच्या स्टार्टअपच्या जमान्यातही सहज सापडत नाही. दुसरीकडे, भिसे एकाच वेळी बऱ्याच गोष्टींत हात घालत, हेही खरे. एडिसनशी त्यांची तुलना होते तेव्हा हा फरक लक्षात घ्यायला हवा. एडिसनच्या नावावर १०९३ अमेरिकी पेटंटे आहेत, पण त्यामागे १८७६ पासून चाललेली मेन्लो पार्कसारखी प्रयोगशाळा, पगारी कारागीर आणि जे. पी. मॉर्गनसारख्यांचा पैसा होता. भिसे यांच्यामागे एका वेळी एकेक हितचिंतक होता. तो थकला की काम थांबायचे.

अमेरिकेत पुढे काय झाले?

महायुद्ध चालू असतानाच भिसे न्यू यॉर्कला गेले. वय पन्नाशीच्या आसपास. तिथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राची सुधारित, सुटसुटीत आवृत्ती केली, तिची पेटंटे घेतली आणि १९२० च्या सुमारास ‘भिसे आयडियल टाइप कास्टर कॉर्पोरेशन’ उभी केली. नवेपणा कसोशीने तपासणाऱ्या कार्यालयाने त्यांचे दावे मान्य केले, यातच यंत्रामागच्या बुद्धीची पावती आहे. पण बाजार तोवर वाटला गेला होता. छापखान्यांना नवे यंत्र म्हणजे नुसती खरेदी नसते. सुटे भाग, दुरुस्तीची माणसे, शिकलेले कामगार हे सगळे त्यासोबत लागते. मोठ्या कंपन्यांकडे ते जाळे होते. भिसे यांच्याकडे उत्तम साचा होता.

गंमत म्हणजे त्यांना अमेरिकेत पैसा मिळवून दिला तो रसायनांनी. कपडे धुण्याचे मिश्रण आणि आयोडीनवर आधारलेले ‘अ‍ॅटोमिडीन’ हे औषध यांतून त्यांची घडी बसली. ‘भारताचे एडिसन’ ही ओळख त्यांना हयातीतच मिळाली. शेवटच्या काळात ते अध्यात्माकडे वळले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच दशकात, त्याच शहरात हरी गोविल यांनी देवनागरी लायनोटाइप प्रत्यक्षात आणले.

आज अर्ज करणाऱ्याने काय लक्षात घ्यावे?

तळेगाव-लोणावळा पट्ट्यात आज इंजिनीअरिंग कॉलेजे आहेत, एमआयडीसी आहे. अर्ज करणे भिसे यांच्या काळापेक्षा कितीतरी सोपे झाले आहे. मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा शैक्षणिक संस्थेसाठी अर्जाची मूळ फी १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४००० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ती पाचपट. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पण परीक्षण आपोआप होत नाही. त्याची स्वतंत्र विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, नाही तर अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते. परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात. त्या अहवालात हरकती असतातच. त्या पाहून खचण्याचे कारण नाही, दावे आखडून नेमके करण्याची ती संधी असते.

पेटंटची मुदत आता २० वर्षे आहे आणि ती मोजली जाते अर्जाच्या तारखेपासून. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षीची फी लागू होते. भारतीय कायदा आणखी एक प्रश्न विचारतो, जो भिसे यांना परीक्षकाने कधी विचारला नव्हता : पेटंट मिळालेली वस्तू देशात प्रत्यक्ष वापरात आली का? त्याचे विवरणपत्र ठरावीक काळाने द्यावे लागते. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावरही वस्तू लोकांना वाजवी किमतीत मिळत नसेल, तर दुसरा कोणी सक्तीचा परवाना मागू शकतो.

भिसे यांच्या सगळ्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. त्यांच्या आकृत्या कोणालाही मोफत पाहता येतात, वापरता येतात. गुगल पेटंट्सवर शोधताना त्यांचे आडनाव इंग्रजीत शेवटी ‘ई’ आणि ‘वाय’ लावून लिहावे, तेव्हाच्या अमेरिकी कागदपत्रांत ते तसे आहे.